गवयावरचा चरित्रपट: तपासायचा कसा आणि त्यावर वाद कसा घालायचा

गवयावरचा चरित्रपट सुटला की बाहेर पहिल्या चहाच्या टपरीपर्यंत तीन पक्ष पडलेले असतात. एक म्हणतो, ‘असं काही घडलंच नव्हतं.’ दुसरा म्हणतो, ‘ते जाऊ दे रे, गाणं काय झालंय!’ तिसऱ्याचं दुखणं वेगळंच असतं: ‘एवढा मोठा माणूस, त्याला पार रडका करून टाकला.’ चहा संपतो, वाद संपत नाही. संपणार तरी कसा? पहिला तपशिलाबद्दल बोलतोय, दुसरा सुराबद्दल आणि तिसरा माणसाबद्दल. तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, पण एकाच्या म्हणण्याला दुसऱ्याचं उत्तर लागू पडत नाही.

या तीन गोष्टी कागदावर तपशील, सूर आणि माणूस अशा तीन रकान्यांत वेगळ्या करून एकेक तपासायची रीत पुढे दिली आहे. ती घरी एकट्याने वापरता येते आणि मंडळात पंधरावीस जण बसूनही. उदाहरणं मुख्यतः ‘बालगंधर्व’ (2011) आणि ‘मी वसंतराव’ (2022) यांची आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’ (2015) या यादीत नाही. त्यातली घराणी आणि गवई काल्पनिक आहेत, तरी त्याच्यावर चरित्रपटासारखीच भांडणं होतात.

आधी कान, मग डोळे, पुस्तक सगळ्यात शेवटी

सिनेमा पाहण्याआधी तीनचार दिवस मूळ गायकाचा आवाज ऐका. हा क्रम उलटा करू नका. सिनेमातलं गाणं आजच्या स्टुडिओतलं, लख्ख. जुनी तबकडी खरखरणारी. लख्ख आवाज आधी कानात बसला की मूळ गाणं ‘काहीतरी कमी’ वाटू लागतं आणि हा दोष नंतर सहजी जात नाही.

दोनच ध्वनिमुद्रणं निवडा, पण प्रत्येक किमान चार वेळा ऐका. पहिल्या वेळी कान फक्त खरखरीशी झगडत असतो. दुसऱ्या वेळी शब्द लागतात. तिसऱ्यांदा ठेका धरून हाताने मात्रा मोजा. चौथ्यांदा गायक श्वास कुठे घेतो तेवढंच ऐका. श्वासाच्या जागा हा गायकाचा अंगठ्याचा ठसा असतो. सिनेमात कुणी हुबेहूब हरकती घेतल्या तरी श्वासाला उघडा पडतो.

बालगंधर्वांसाठी ‘स्वयंवर’ नाटकातलं ‘नाथ हा माझा’ घ्या, म्हणजे त्याचा यमन राग ओळखीचा असल्याने कान भरकटत नाही. वसंतरावांसाठी त्यांचा मैफिलीतला मारवा राग घ्या, आणि जोडीला मूळ ‘कट्यार’ नाटकातलं ‘घेई छंद मकरंद’. या पदाच्या नाटकात दोन चाली आहेत, एक संथ आणि एक द्रुत. वसंतरावांनी खाँसाहेबांच्या भूमिकेत गायलेली द्रुत चाल ऐका.

तबकडीची एक गोम इथेच सांगायला हवी. इंटरनेटवर चढवलेल्या जुन्या तबकड्यांची पट्टी बऱ्याचदा चुकलेली असते. मिनिटाला 78 फेऱ्यांची म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक तबकडी 78 वरच मुद्रित झालेली नाही. सुरुवातीच्या काळात वेग कमीजास्त असायचे. वेग सुमारे 6 टक्क्यांनी वाढला की आवाज पेटीवर बरोबर एक पट्टी वर सरकतो, म्हणजे पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये ऐकू येतं, आणि तीन मिनिटांची तबकडी दहा सेकंद आधी संपते. मग ‘मूळ गायक किती चढं आणि चपळ गायचा, सिनेमातला किती ढिला गातो’ असा निकाल लागतो आणि त्यात दोघांचाही काही दोष नसतो. एकच पद दोनतीन ठिकाणांहून उतरवून पेटीवर षड्ज (सा) शोधा. पट्ट्या जुळल्या नाहीत तर एकीचा वेग चुकलाय हे नक्की. दुरुस्त करायचं असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्पीड’ बदला, ‘पिच’ नाही. पिच बदलल्याने सूर खाली येतो पण लय चुकीचीच राहते.

हात बघा

पहिल्यांदा सिनेमा सरळ पाहा. वही नको, मोबाइल नको. रडू आलं तर येऊ द्या. तपासणी दुसऱ्या वेळेला, आणि तीही सगळ्या सिनेमाची नाही. मैफिलीचे किंवा नाटकाचे दोन प्रसंग निवडा आणि ते आधी आवाज बंद करून पाहा. तोंडावर नजर ठेवू नका, कारण ओठ जुळवायची मेहनत सगळेच घेतात. हातांवर ठेवा.

तंबोऱ्यापासून सुरुवात करा. चार तारा, पहिली मधल्या बोटाने, पुढच्या तिन्ही तर्जनीने, एकामागोमाग एक. हात जवळजवळ हलत नाही, फक्त बोटं चालतात, आणि लय गाण्याच्या ठेक्याशी बांधलेली नसते. पडद्यावर मागे बसलेली मुलगी तबल्याच्या ठेक्यावर तारा छेडत असेल तर तिला कुणी शिकवलेलं नाही.

आता आवाज चालू करा आणि तंबोरा ऐका. राग मारवा असेल तर ही चाचणी फार उपयोगी आहे. मारव्यात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे तो सूर लावतच नाहीत. त्यामुळे एरवी पंचमाला लावायची पहिली तार इथे निषादाला (नी) लावतात, काही जण धैवताला (ध). मागे भरघोस पंचम वाजत असेल तर ध्वनिमिश्रण करणाऱ्याने हाताशी असलेला तयार तंबोरा चिकटवलाय. असा पंचम मारव्याचा सगळा अस्वस्थपणा पुसून टाकतो. सामान्य प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण ‘मारवा लागला नाही’ एवढं त्यालाही जाणवतं. मालकंसातही हेच, तिथे तार मध्यमाला हवी.

पेटी आणि ऑर्गन यांच्यात गल्लत होते. हातपेटीत डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर. संगीत नाटकातला ऑर्गन पायांनी हवा भरायचा, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. पडद्यावरचा ऑर्गनवाला एकाच हाताने वाजवत असेल आणि त्याचे पाय स्थिर असतील, तर तो पेटीवाल्याची नक्कल करतोय. पेटीचा भाता बंद असताना सूर चालू असणं ही चूक तर इतकी वेळा दिसते की ती मोजणं सोडून द्यावं.

तबल्याला एक युक्ती पुरते. घुमारा ऐकू आला की डावा हात डग्ग्यावर असलाच पाहिजे. ‘धा’ ऐकू येतोय आणि डावा हात हवेत, तर झालं. समही, म्हणजे तालाची पहिली मात्रा, बघा. जाणते श्रोते समेवर किंवा समेच्या अलीकडे गायक तिहाईने (एकच तुकडा तीनदा घेऊन) येतोय हे कळल्यावर मान हलवतात. सिनेमातले श्रोते कॅमेरा आपल्यावर आला की हलवतात. तीनतालात नवव्या मात्रेला, म्हणजे ऐन खालीवर (टाळी न देता हात मोकळा सोडायच्या जागी), सगळी मैफल एकमुखाने ‘वाहवा’ म्हणत असेल तर दिग्दर्शकाला सम माहीत नाही किंवा संकलकाने ती कापली.

या चुका सापडल्या की फार आनंद होतो, आणि धोका तिथेच आहे. बरेच परीक्षक इथेच थांबतात, कारण हात पकडणं सोपं आहे. हात चुकल्याने सिनेमा खोटा ठरत नाही. चित्रीकरणाच्या वेळी मॉनिटरशेजारी गाणं कळणारा कुणी बसला होता की नाही, एवढंच त्यातून कळतं. त्याला शंभरात दहा गुण द्या, जास्त नको.

आवाज कुणाचा?

खरा मतभेद इथे असतो. चरित्रपटाला चार वाटा मोकळ्या असतात: मूळ ध्वनिमुद्रण वापरायचं, नटाला दुसऱ्या गवयाचा आवाज द्यायचा, नटानेच गायचं, किंवा गवयालाच नट करायचं. प्रत्येक वाटेचा दोष ठरलेला आहे. मूळ ध्वनिमुद्रण वापरलं तर भोवतालचे संवाद लख्ख आणि गाणं अचानक विहिरीतून आल्यासारखं लागतं. नट स्वतः गायला तर लोक कौतुक करतात, पण ‘नट असून किती छान गायला’ असं कौतुक. ते त्या मोठ्या गवयाच्या वाट्याला यावं हे काही बरं नाही.

‘बालगंधर्व’ने दुसरी वाट घेतली. पडद्यावर सुबोध भावे, आवाज आनंद भाटे यांचा. भाटे लहानपणापासून बालगंधर्वांची पदं गात आले, त्यावरूनच त्यांना ‘आनंद गंधर्व’ म्हणू लागले. या चित्रपटासाठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसाच रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांनाही. या जोडीत तपासायची गोष्ट गळा ही नाही, गळ्याची शीर आणि बरगड्या आहेत. गायक लांब तान घेतो तेव्हा पोट आत जातं, छाती एकदम खाली पडत नाही. नट तोंड बरोबर हलवतो पण श्वास आपल्या सोयीने घेतो. लांब तानेच्या मध्यावर छाती वर आली तर जोड दिसतो. न दिसला तर नटाने गवयाशेजारी बसून मेहनत केलेली असते, आणि ती मेहनत मान्य करायला हवी.

‘मी वसंतराव’ची वाट चौथी. वसंतराव देशपांड्यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली, गायलेही तेच, संगीतही त्यांचंच. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांनाही मिळाला. इथे जोड दिसण्याचा प्रश्नच नाही, म्हणून वाद दुसरीकडे सरकतो: आपण ऐकतोय ते वसंतरावांचं गाणं की वसंतराव पचवलेल्या नातवाचं? उत्तर कानानेच काढा. मूळ मारवा आणि सिनेमातला मारवा एकेक मिनिट आळीपाळीने लावा. वसंतरावांची खासियत म्हणजे अंदाज न येणारी उडी. सरळ चाललेली तान मध्येच तिसरीकडे जाते आणि तरी समेवर पडते. आळीपाळीने ऐकताना ‘आता कुठे जाईल’ हे तुम्हाला कोणत्या गाण्यात आधी ओळखता आलं, त्याची खूण करा. चार जणांनी केली तर खुणा वेगवेगळ्या येतील. येऊ द्या, चर्चेचं खरं सामान तेच आहे.

नाट्यपदांच्या बाबतीत मात्र तबकडीला प्रमाण मानण्याची चूक करू नका. दहा इंची तबकडीवर साधारण तीन मिनिटंच मावतात. नाटकात तेच पद ‘वन्स मोअर’ घेत कितीतरी वेळ रंगायचं. त्यामुळे सिनेमातलं गाणं तबकडीसारखं नाही ही तक्रार करताना जरा थांबा, रंगभूमीवरचं गाणंही तबकडीसारखं नव्हतं. उलट हुबेहूब तबकडीच उतरवली असेल, तर ती गायकाची नक्कल नसून तीन मिनिटांच्या मर्यादेची नक्कल आहे.

सहसा कुणी न धरणारा कालदोष आवाजाच्या फेकीत असतो. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा होता. आजचा गायक माइकच्या चार बोटं अंतरावर, कुजबुजीच्या जवळ जाऊन नाजूक जागा घेतो. काच, पोशाख, पडदे, गॅसबत्त्या सगळं 1911 चं आणि आवाज 2011 चा, असं होतं ते यामुळे. तपासायला सोपं आहे: डोळे मिटा आणि हा आवाज किती फुटांवरून येतोय ते स्वतःला विचारा.

घडलेलं आणि घडवलेलं

‘सिनेमॅटिक लिबर्टी’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी ढकलल्या जातात. पहिली, काळ आवळणं: वसंतरावांनी लष्कराच्या हिशेब खात्यात काढलेली वर्षं दहा मिनिटांत उरकली, तर त्यात गैर काही नाही, अडीचतीन तासांत आणखी काय करणार. दुसरी, दोन-तीन माणसांचं मिळून एक पात्र. तिसरी, प्रसंगाची जागा हलवणं. या तिन्ही माफ. चौथी गंभीर: कारण बदलणं. गायकाने मैफल सोडली ती आजारपणामुळे, आणि सिनेमात ती अपमानामुळे सुटते. इथे माणूसच बदलतो.

चौथ्या प्रकाराचं जगप्रसिद्ध उदाहरण मोझार्टवरचा ‘अमाडेउस’ (1984). त्यात दरबारी संगीतकार सालिएरी मत्सराने पेटलेला आणि मरणशय्येवरच्या मोझार्टकडून ‘रेक्विएम’ (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत) लिहून घेणारा दाखवलाय. प्रत्यक्षात ते काम काउंट वाल्झेगने सांगितलं होतं आणि 1791 मध्ये मोझार्ट गेल्यावर ते त्याचा सहायक स्यूसमायरने पुरं केलं. सालिएरीने तर पुढे मोझार्टच्या मुलाला शिकवलं. तरीही हा सिनेमा सरसकट खोटा म्हणवत नाही, कारण सगळी कथा म्हाताऱ्या, बिनसलेल्या सालिएरीच्या तोंडून येते. म्हणून तपशिलाच्या रकान्यात पहिला प्रश्न लिहा: सांगतोय कोण? सांगणारा कुणीच नसेल आणि कॅमेराच ‘हे असं झालं’ म्हणत असेल, तर जबाबदारी जास्त.

आता पुस्तकं काढा. एका प्रसंगाला दोन स्वतंत्र आधार शोधा, एकमेकांवरून उतरवलेले नकोत. बालगंधर्वांचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रसंग घ्या: 12 मार्च 1911, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी मुलगी गेली आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. यात तारीख, प्रयोग, मृत्यू हा एक थर. ‘मायबाप रसिकांचा विरस नको’ छापाचे संवाद हा दुसरा थर, तो सांगणाऱ्यागणिक बदलतो. पहिल्या थरात सिनेमा चुकला तर लिहून ठेवा. दुसऱ्या थरात कुणीच बरोबर किंवा चूक असू शकत नाही, तिथे हुज्जत घालू नका.

तारखा जवळ ठेवल्या की सिनेमाने काय जुळवलं तेही कळतं. बालगंधर्व आणि दुसरे नामांकित गायक-नट केशवराव भोसले यांनी एकत्र केलेला ‘संयुक्त मानापमान’ 8 जुलै 1921 चा, आणि केशवराव गेले 4 ऑक्टोबर 1921 ला. तीन महिन्यांचंसुद्धा अंतर नाही. पटकथेने हे दोन प्रसंग चिकटवले तर तो नाटकीपणा पटकथेचा नसून इतिहासाचाच आहे.

माणूस छोटा की मोठा

तिसऱ्या रकान्यात मोजमाप चालत नाही, पण दोन खुणा बघता येतात. एक, सिनेमातले बाकीचे गवई, गुरू, साथीदार यांना काही काम आहे का? बालगंधर्वांच्या मागे भास्करबुवा बखल्यांची तालीम होती आणि कंपनीत थिरकवाँसारखा तबलिया आणि कादरबक्षांची सारंगी होती. हे सगळे मागे मान हलवायला ठेवले असतील तर नायक मोठा होत नाही, एकटा पडतो. दोन, दोषाचं खापर कुणावर? उत्तरायुष्यातल्या त्यांच्या सहचारिणी, गायिका गोहरबाई कर्नाटकी यांना अनेक लिहिणाऱ्यांनी बालगंधर्वांच्या पडत्या काळाचं कारण ठरवलं. कर्ज, बोलपटांची लाट, उधळेपणा ही कारणं त्यापुढे फिकी पडली. सिनेमा या बाईंना किती मिनिटं आणि किती वाक्यं देतो ते घड्याळ लावून मोजा. आकडा पुढे ठेवला की वाद बराच शहाणा होतो.

कुटुंबीयांची परवानगी, सहभाग किंवा भूमिका असेल तर ते कागदावर आधीच लिहा. तो दोष नाही, कोन आहे. उलटंही होतं: जॅकलिन दु प्रे या चेलोवादिकेवरचा ‘हिलरी अँड जॅकी’ (1998) तिच्या भावाबहिणीच्या पुस्तकावर बेतला होता, आणि तिच्याबरोबर वाजवलेले मोठमोठे वादकच त्याच्यावर तुटून पडले.

मंडळात बसवताना

पंधरा ते वीस जण ठीक. त्यापुढे गेलात की तीनचारच बोलतात. घरगुती ओटीटी वर्गणीवर सभागृहात जाहीर खेळ करता येत नाही, हक्कधारकाची परवानगी आधी काढा. परवानगी नसेल तर सगळ्यांनी सिनेमा घरी पाहून यावा आणि सभेत फक्त चर्चा. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर तंबोरा आणि डग्गा दोन्ही मरतात, म्हणून साधे का होईनात, वेगळे दोन स्पीकर लावा. मूळ आणि सिनेमातलं गाणं यांचा आवाज सारखा करून ठेवा. मोठा वाजणारा तुकडा नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि निम्मे निकाल त्यावरच लागतात.

प्रत्येकाला एक कागद, तीन रकाने: तपशील, सूर, माणूस. बोलणाऱ्याने आधी रकाना सांगायचा, मग सिनेमातली वेळ (‘एक तास बारा मिनिटं’), मग मत. वेळ सांगता येत नसेल तर मत पुढच्या फेरीला. सुराला चाळीस मिनिटं, तपशिलाला वीस, माणसाला तीस. तपशील आधी घेतलात तर संध्याकाळ त्यातच जाते, म्हणून तो मध्ये दाबून बसवा.

एक ज्येष्ठ श्रोता हमखास येतो, ज्याने मूळ गवई समोर बसून ऐकलेले असतात. ‘तुम्ही ऐकलंच नाही, तुम्हाला काय कळणार’ हे त्याचं वाक्य सभा संपवू शकतं. त्याला पहिल्या पाच मिनिटांतच बोलायला द्या, पण नेमका प्रश्न विचारून: आवाज पुढच्या रांगेत कसा लागायचा, पट्टी कोणती, पेटीवर कोण होतं, गाताना हात कसा फिरायचा. अशा प्रश्नांना तो जे सांगेल ते कुठल्याही पुस्तकात नसतं. ‘सिनेमा कसा वाटला’ हे त्याला सर्वांत शेवटी विचारा.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. दिवे कमी करून मूळ ध्वनिमुद्रण पुरं लावा, खरखरीसकट, आणि ते संपल्यावर माइक कुणाच्याही हातात देऊ नका. सतरंज्या गोळा करायला लागा.